चिऱ्याच्या जमिनीत झटका कुंपण: मेंढरांसाठी, गोव्याच्या पावसात आणि उन्हात टिकेल असं

फेब्रुवारीतल्या एका सकाळी शेजारच्या वहिनींची हाक आली. "भाऊ, धावा! तुमची मेंढरं माझ्या अळसांद्यात शिरलीत!" मी विहिरीवरून तसाच पळालो. अकराच्या अकरा मेंढरं अळसांद्याच्या, म्हणजे चवळीच्या वेलांत माना घालून उभी होती. कुंपणाची एकही तार तुटली नव्हती, खांब पडला नव्हता, मशीनचं टिक-टिक चालू होतं. तारेला मीटर लावला तर आकडा आला १.६ किलोव्होल्ट. ऑक्टोबरात हेच कुंपण उभं केलं तेव्हा तो ७ होता.

मधल्या चार महिन्यांत एकच गोष्ट बदलली होती: जमीन वाळली होती. झटका कुंपणाबद्दल मला सांगायचं ते बरंचसं याच एका गोष्टीभोवती फिरतं. आपण तारेकडे बघत राहतो, आणि कुंपणाचं अर्धं काम तर जमिनीखाली चाललेलं असतं. गोव्यात चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा) सडा, म्हणजे उघडं खडकाळ पठार, तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस, मग सात-आठ महिने जवळजवळ कोरडे. घाटावरच्या काळ्या जमिनीत चालणारी पद्धत इथे जशीच्या तशी चालत नाही.

माझी जागा डिचोली तालुक्यात, सहा हजार चौरस मीटर, वर काजू, खाली थोडे माड आणि कडेने व्हाळ (ओढा). मेंढरं माडग्याळ जातीची, दहा माद्या आणि एक नर. तुमचा आकार वेगळा असेल, पण पायऱ्या याच राहतील.

आधी हे वाचा: घरातली लाईन तारेला कधीही नाही

मेनची २३० व्होल्टची लाईन थेट तारेला जोडणं म्हणजे कुंपण नव्हे, माणूस मारण्याचा सापळा आहे. घरातला करंट सलग वाहतो, स्नायू आखडतात आणि तारेला लागलेला हात सुटत नाही. झटका मशीन वेगळं काम करतं. ते साधारण सेकंदाला एकदा, सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ, खूप उंच व्होल्टेजचा पण अत्यल्प ऊर्जेचा ठोका तारेत सोडतं. दोन ठोक्यांमधल्या उसंतीत जनावर किंवा माणूस मागे सरकतो. दर वर्षी कुठे ना कुठे डुकरासाठी लावलेल्या थेट लाईनच्या तारेत माणसं जातात. पुष्कळदा तो शेताचा मालक स्वतःच असतो, नाहीतर पहाटे व्हाळावर निघालेला कुणी शेजारी.

कायदाही स्पष्ट आहे. चोरून घेतलेल्या विजेसाठी विद्युत कायदा २००३ चं कलम १३५ लागतं. हलगर्जीपणाने कुणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आहे. गवा मेला तर तो आपला राज्यप्राणी, आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीतला. मशीन घेताना आयईसी ६०३३५-२-७६ या आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकाचा उल्लेख त्याच्या पाटीवर आहे का ते बघा. या मानकाने एका ठोक्यातली ऊर्जा ५ ज्यूलपर्यंत बांधून दिली आहे. मिस्त्रीने जुळवून दिलेलं, पाटी नसलेलं यंत्र कितीही स्वस्त मिळालं तरी दारात घेऊ नका.

मेंढरं इथे ठेवायचीच का?

गोव्यातल्या धनगरवाड्यांवर म्हशी आणि शेळ्या दिसतात, मेंढरं क्वचितच. त्याला कारण आहे. पावसाळ्यात खूर कुजतात, जंत वाढतात, लोकर सुकत नाही. जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच, फटी असलेल्या लाकडी तळाचा गोठा असेल, खूर नियमित कापणार असाल आणि दर आठवड्याला पाय तपासणार असाल तरच या वाटेला जा. खुरांसाठी झिंक सल्फेटचं १० टक्के द्रावण वापरा. मोरचूद टाळा, कारण मेंढराच्या अंगाला तांबं सोसत नाही आणि हौदातलं चार घोट पाणी प्यायलं तरी विषबाधा होऊ शकते.

शेळ्या असतील तरी हा लेख उपयोगी पडेल. फक्त वर, ११० सेंटिमीटरवर आणखी एक तार ओढा आणि कुंपणाला टेकून कुठलाही दगड किंवा ओंडका राहू देऊ नका. शेळी त्यावर चढते आणि तिथूनच उडी मारते.

पायरी पहिली: हातात काठी घेऊन हद्द चाला

मोजमापाच्या आधी दोनदा चाला. एकदा मे महिन्यात, एकदा भर जुलैत. मेमध्ये खडक कुठे उघडा आहे ते कळतं, जुलैत पाणी कुठून वाहतं ते. दोन्ही एका कागदावर काढा. कुंपणाची रेघ हद्दीच्या मेरेपासून (बांधापासून) निदान एक मीटर आत धरा, म्हणजे दोन्ही बाजूंनी कोयता फिरवता येतो. ही एक मीटर जागा वाया जाते असं वाटून मी पहिल्यांदा तार मेरेला चिकटवली होती. पावसाळ्यात पलीकडचं रान तारेवर लोळलं आणि सगळी रेघ उपटून आत घ्यावी लागली.

वरून वीज खात्याची लाईन जात असेल तर कुंपण तिच्या समांतर नेऊ नका. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. शेजाऱ्याचंही झटका कुंपण असेल तर दोन्ही कुंपणांत निदान अडीच मीटर अंतर हवं, नाहीतर मध्ये सापडलेल्याला दोन मशीनचे ठोके एकापाठोपाठ बसतात. आणि जुनी काटेरी तार असेल तर तिच्यात करंट सोडायचा नाही. तिच्या काट्यांत अडकलेलं जनावर सुटत नाही आणि ठोके खात राहतं. काटेरी तार आधाराला म्हणून चालेल, पण करंटची तार तिच्यापासून वीतभर लांब, इन्सुलेटरच्या दांड्यावर.

पायरी दुसरी: मशीन, बॅटरी, पॅनल

सहा हजार चौरस मीटरला बाहेरची रेघ ३२० मीटरच्या आसपास येते. तीन करंटच्या तारा धरल्या तर एक किलोमीटर, शिवाय आतले तुकडे. कोरड्या प्रदेशात याला छोटं मशीनही पुरतं. आपल्याकडे जूनपासून गवत तारेला लागणार, म्हणून दीड ते दोन ज्यूल बाहेर देणारं घ्या. "बाहेर देणारं" हा शब्द दुकानात मुद्दाम वापरा. खोक्यावर बरेचदा आत साठवलेले ज्यूल छापलेले असतात आणि तारेत त्याहून कमी पोचतात. माझं पहिलं मशीन मी असंच फसून घेतलं होतं.

बॅटरीचा हिशेब घरी करता येतो. मशीन २५० मिलिअँपिअर ओढत असेल तर २४ तासांत ६ अँपिअर-तास. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी निम्म्याहून खाली उतरवायची नाही, म्हणजे ऊन अजिबात नसलं तरी साडेतीन दिवस निघतात. ५० वॅटचं पॅनल स्वच्छ उन्हात दिवसाला १६ अँपिअर-तासांच्या घरात भरतं. जुलैत आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही तेव्हा ते ६ सुद्धा भरत नाही. तेव्हा दुसरी बॅटरी घरात चार्जरवर भरून तयार ठेवा आणि आठवड्यातून एकदा अदलाबदल करा. मशीनला जोडलेल्या बॅटरीलाच मेनचा चार्जर लावायचा नाही.

मशीनला छप्पर द्या, पण बंद पेटीत कोंडू नका. आर्द्रतेने सर्किट बुरसतं, आणि पेटीच्या उबेला पाली व मुंग्या घर करतात. माझ्या मशीनच्या पाठीमागे एका पावसात मुंग्यांनी अंडी घातली होती.

पायरी तिसरी: अर्थिंग

इथे घाई करू नका. कुंपणाचा सगळा पैसा इथेच वसूल होतो किंवा बुडतो.

मशीनच्या एका टोकातून ठोका तारेत जातो. मेंढराच्या नाकातून अंगात, पायांतून जमिनीत, जमिनीतून अर्थच्या सळयांत आणि तिथून मशीनच्या दुसऱ्या टोकाला. हा फेरा पुरा झाला तरच झटका बसतो. तारेवर बसलेल्या कावळ्याला काही होत नाही, कारण त्याचे पाय जमिनीला लागत नाहीत. कोरड्या चिऱ्यावर उभ्या मेंढराची गत जवळजवळ कावळ्यासारखीच होते. त्या दिवशी आमची मेंढरं वहिनींच्या अळसांद्यात पोचली ती अशी.

नेहमीचा नियम असा: जस्ताचा मुलामा असलेल्या किमान तीन सळया, प्रत्येक दीड ते दोन मीटर लांब, एकमेकींपासून तीन मीटरवर, पूर्ण ठोकलेल्या. आमच्याकडे वरची फूटभर माती संपली की चिरा लागतो. मी पहिल्या वर्षी सळया दोन फूट गेल्यावर वरचा भाग कापून टाकला आणि काम झालं असं समजलो. ऑक्टोबरच्या ओल्या जमिनीत मीटरने मला खोटा दिलासा दिला.

उपाय असा की मशीन कुठेही असो, सळया ओल्या जागी न्यायच्या. मशीनपासून सळयांपर्यंत साठ-सत्तर मीटर तार न्यावी लागली तरी काही बिघडत नाही, जोड पक्के हवेत एवढंच. व्हाळाचा काठ, मळ्याची मेर, माडाचं आळं, न्हाणीचं पाणी जातं ती जागा, यांतली उन्हाळ्यातही ओली राहणारी जागा शोधा. मे महिन्यात पहार मारून बघा: हात-दीड हात खाली माती बोटाला चिकटली तर ती जागा. माझ्या सळया आता व्हाळाच्या काठी आहेत, तिथे पहार सहज दोन मीटर जाते.

ओली जागा नसेलच तर चिऱ्यात मोठं भोक पाडून सळईभोवती बेंटोनाइट माती कालवून भरा. ती पाणी धरून ठेवते. मीठ-कोळशाची पद्धत सर्रास दिसते, पण मिठाने सळईचा मुलामा दोन-तीन पावसांत खाल्ला जातो.

आणखी काही गोष्टी. घराच्या अर्थिंगपासून दहा मीटर लांब राहा, आणि घराची अर्थिंग किंवा पाण्याचा पाइप कुंपणासाठी वापरू नका. सळया जस्ताच्या तर क्लॅम्पही जस्ताचाच. तांब्याची तार थेट गुंडाळली की ओलाव्यात दोन धातूंच्या भांडणात जोड गंजतो. सगळ्या सळया एकाच अखंड तारेने जोडा.

आता परीक्षा. मशीन बंद करा, मशीनपासून शंभर मीटरवर दोन-तीन लोखंडी सळया जमिनीत ठोकून करंटच्या तारेला टेकवा, मशीन चालू करा. तारेचा आकडा २ किलोव्होल्टच्या खाली यायला हवा. मग शेवटच्या अर्थ-सळईवर मीटरचं एक टोक लावा आणि दुसरं टोक एक मीटरवर जमिनीत खुपसा. आकडा ०.३ किलोव्होल्टपर्यंत असेल तर अर्थिंग ठीक. जास्त आला तर आणखी सळया ठोका. कापलेल्या सळयांवर मला फेब्रुवारीत १.१ आला होता, व्हाळाच्या काठावर नेल्यावर ०.२. ही परीक्षा एप्रिल-मेमध्येच घ्या, पावसाळ्यात सगळेच पास होतात. आणि मीटर झटका कुंपणासाठी बनवलेलाच घ्या. साधा मल्टिमीटर या व्होल्टेजला जळतो.

पायरी चौथी: पाच तारा, त्यातल्या दोन अर्थच्या

सळया कितीही चांगल्या असल्या तरी एप्रिलमध्ये चिऱ्यावर उभ्या मेंढराच्या पायाखालची जमीन कोरडीच राहणार. म्हणून अर्थ जमिनीवर न सोडता तारेवर चढवायची. बरीच उलटसुलट करून मी या मांडणीवर स्थिरावलो आहे, खालून वर:

१५ सेंटिमीटर: अर्थची तार
३० सेंटिमीटर: करंटची
४५ सेंटिमीटर: करंटची
६५ सेंटिमीटर: अर्थची
९० सेंटिमीटर: करंटची

मेंढरू डोकं घालतं ते बहुधा पहिल्या दोन तारांमध्ये किंवा ४५ आणि ६५ च्या मध्ये. दोन्हीकडे एक तार करंटची, एक अर्थची. दोन्हींना एकदम लागलं की फेरा तिथल्या तिथे पुरा होतो, पायाखाली खडक असो की चिखल. अर्थच्या दोन्ही तारा सळयांना जोडायला विसरू नका.

खालची तार अर्थची ठेवण्याचा आणखी एक फायदा पावसाळ्यात दिसतो. जूनमध्ये गवत सगळ्यात आधी याच तारेला लागतं आणि अर्थच्या तारेला गवत लागलं तर काहीच गळत नाही. शिवाय खवले मांजर. आपल्या सड्यावर, वारुळांच्या आसपास ते रात्री फिरतं. धोका वाटला की ते अंगाचं वेटोळं करतं, आणि जमिनीलगतच्या करंटच्या तारेभोवतीच वेटोळं पडलं तर ठोके खात तिथेच मरतं. दक्षिण आफ्रिकेत अशी खवले मांजरं आणि कासवं मोठ्या संख्येने गेली आहेत. खालची करंटची तार ३० सेंटिमीटरवर गेली की हा धोका पुष्कळ कमी होतो.

खांबांचं सांगतो. कोपऱ्यांवर सगळा ताण असतो, तिथे चिऱ्याचे बांधीव खांब किंवा सिमेंटचे पोल तिरप्या टेकूसकट. मधे दर सहा-सात मीटरवर फायबरच्या काठ्या. चढउतार असेल तिथे जवळ जवळ, नाहीतर खळग्यात तार वर लटकते आणि कोकरू खालून निघून जातं. लोखंडी अँगल मजबूत खरा, पण इन्सुलेटर तडकला की सगळा करंट अँगलमधून जमिनीत जातो. लाकडी खांब पावसाने भिजले की त्यांतून करंट गळतो. इन्सुलेटर चिनी मातीचे किंवा उन्हाला टिकणाऱ्या प्लॅस्टिकचे घ्या. ठिबकच्या काळ्या पाइपचे तुकडे करून वापरतात तसं करू नका, दुसऱ्या उन्हाळ्यात ते उभे चिरतात आणि चीर डोळ्यांना दिसत नाही. बार्देश-पेडण्याच्या किनाऱ्याजवळ असाल तर खारा वारा इन्सुलेटरवर मिठाचा थर चढवतो. महिन्यातून एकदा मशीन बंद करून गोड्या पाण्याने धुवा.

तार २ ते २.५ मिलिमीटरची, जस्ताचा चांगला मुलामा असलेली जीआय. क्लच वायर हाताळायला सोपी, पण तिच्या पिळात पाणी साचून आतून गंजते. प्रत्येक तारेला एक ताण देणारा रॅचेट. हाताने दाबली तर थोडी लवून परत यावी एवढाच ताण. फांदी पडली तर तारेने लवून सोसायला हवं, आणि काजूच्या बागेत फांद्या पडतातच.

फाटकाखालून करंट नेताना घरातल्या वायरिंगची वायर वापरू नका. तिचं आवरण १,१०० व्होल्टसाठी असतं आणि तुम्ही सात हजार सोडताय. झटका कुंपणासाठीच मिळणारी दुहेरी आवरणाची केबल घ्या, पाइपमध्ये घालून वीतभर खोल पुरा आणि पाइपची तोंडं खाली वळवा. व्हाळाच्या तोंडावर मुख्य तारा खाली आणू नका. तिथे वेगळ्या स्विचवरचा लोंबत्या साखळ्यांचा पडदा करा, म्हणजे पूर आला की तेवढाच बंद करता येतो.

वीज आणि पाट्या

मे अखेर आणि ऑक्टोबर हे आपल्याकडचे विजांचे दिवस. मशीन आणि कुंपण यांच्यामध्ये लाइटनिंग अरेस्टर (विजेचा लोळ जमिनीत उतरवणारं साधन) बसवा आणि त्याची अर्थिंग मशीनच्या अर्थिंगपासून वेगळी, लांब करा. तरीही आभाळ भरून आलं की गडगडाट सुरू होण्याआधीच मशीनच्या दोन्ही वायर काढून ठेवणं हाच खरा उपाय. मेंढरं तेव्हा गोठ्यात असतातच.

पाट्या पिवळ्या, किमान २० बाय १० सेंटिमीटर, दोन्ही बाजूंनी वाचता येणाऱ्या. रस्त्याच्या किंवा पायवाटेच्या बाजूला दर दहा-पंधरा मीटरवर लावा, मराठी, कोंकणी आणि इंग्रजीत, शिवाय विजेचं चित्र. काजूच्या हंगामात कामाला बाहेरून माणसं येतात, त्यांना चित्र कळतं. घरातल्या मुलांना आणि शेजाऱ्यांना बसवून सांगा: तारेखालून वाकून जायचं नाही, डोकं आणि मान तारेला लागू द्यायची नाही. हृदयात पेसमेकर बसवलेल्यांनी लांबच राहायचं. वहिनींच्या दोन मुलांना मी मीटर हातात देऊन आकडा वाचायला शिकवला. तेव्हापासून तीच मला येऊन सांगतात, काका, आज पाच पूर्णांक दोन.

पायरी पाचवी: मेंढरांना तार शिकवणं

कुंपण पूर्ण झालं की मेंढरं लगेच सोडायची नाहीत. जे मेंढरू पहिला झटका धावत असताना, मानेवर किंवा कुशीवर खातं, ते पुढेच उसळतं आणि तारा तोडून जातं. पहिला झटका नाकावर, उभ्याने बसला पाहिजे, म्हणजे ते मागे उडी मारतं.

गोठ्यासमोर चांगली पक्की लाकडी वई (साधं कुंपण) घाला आणि तिच्या आत अर्ध्या मीटरवर करंटच्या दोन तारा ओढा. जमिनीवर दोन बादल्या पाणी ओता. तारेच्या पलीकडे, वईच्या आत, फणसाचा पाला टाका. मग बाहेर जाऊन बसा, हाकारू नका. माझ्याकडे सगळ्यात आधी एक म्हातारी मादी आली. कान पुढे करून, खालचा ओठ हलवत तिने पानाकडे नाक नेलं. ठोक्याचा आवाज मलाही ऐकू आला. चारही पाय उचलून ती मागे पडली, फुरफुरली आणि कळपात जाऊन उभी राहिली. उरलेली दहाही तिच्याकडे बघत होती, पण बघून काम भागत नाही. प्रत्येकीला आपला झटका खावाच लागतो. दोन दिवस लागतात. या दोन दिवसांत तारेवर ५ किलोव्होल्टच्या वर आकडा हवा.

लोकर वीज अडवते. माडग्याळचं अंग केसाळ, त्यांना फारसा त्रास नाही. दख्खनी मेंढरं असतील तर लोकर कातरल्यानंतर शिकवा. आणि नंतरही तारेचा आकडा ४ च्या खाली कधी जाऊ देऊ नका. गाईला ३ पुरतो, मेंढराला नाही. नवीन विकत आणलेलं प्रत्येक जनावर आधी या शाळेतून जाईल. कोकरं आयांच्या बरोबरीने आपसूक शिकतात, मात्र पहिले दोन आठवडे आई-कोकरू दोघांना गोठ्याजवळच ठेवा.

तयार जाळीचं झटका कुंपणही मिळतं. लावायला सोपं, पण शिंगांची मेंढरं आणि शेळ्या त्यात अडकतात, आणि अडकलेल्याला ठोके बसतच राहतात. मी ते वापरत नाही.

पायरी सहावी: आतले तुकडे, आणि जंत

बाहेरचं कुंपण मेंढरं सांभाळतं. आतले तुकडे मेंढरांची तब्येत सांभाळतात, आणि माझ्या मते झटका कुंपणाचा गोव्यातला सगळ्यात मोठा उपयोग हाच आहे.

पावसाळ्यात मेंढरं मरतात ती बरेचदा हिमोंकस नावाच्या रक्त पिणाऱ्या जंताने. लेंडीतून अंडी गवतावर पडतात. उबदार, दमट हवेत चार-पाच दिवसांत त्यांची अशी अळी होते की ती गवताबरोबर पोटात गेली की चिकटते. म्हणजे मेंढरं चौथ्या दिवशी त्या तुकड्यातून हलली तर आपल्याच लेंडीतले जंत खायला ती तिथे नसतात.

मी जागेचे आठ तुकडे केले, प्रत्येकी सुमारे साडेसातशे चौरस मीटर. एका तुकड्यात चार दिवस, म्हणजे पहिल्या तुकड्यावर परतेपर्यंत त्याला २८ दिवस विसावा. त्या अवधीत गवत वर येतं आणि उन्हापावसात बऱ्याच अळ्या मरतात. आतल्या तारा कायमच्या नकोत, स्टीलचे धागे विणलेली पांढरी पॉलीवायर आणि पायाने रोवायच्या काठ्या पुरतात: २०, ४५ आणि ७५ सेंटिमीटरवर तीन तारा. दोन रिळं घ्या, म्हणजे पुढचा तुकडा आधी बांधून मग मागचा सोडता येतो. गवत वीतभराहून खाली चरू देऊ नका, अळ्या बुडख्याकडच्या दोन बोटांत जास्त असतात.

दर आठवड्याला खालची पापणी ओढून आतला रंग बघा. लालबुंद असेल तर ठीक, फिकट गुलाबीपासून पांढरट असेल तर रक्त कमी झालंय, पशुवैद्यकाकडे जा. औषध सरसकट सगळ्यांना पाजत राहिलात तर जंत औषधाला दाद देईनासे होतात.

तुकडा उघडण्याआधी एक फेरी मारा आणि घाणेरीची (टणटणीची) झुडपं उपटा. पाला पोटात गेला तर यकृत बिघडतं आणि उन्हात कातडी सोलवटते. मार्च ते मे काजूखालच्या तुकड्यांत बोंडू गोळा करूनच मेंढरं सोडा. गोड, आंबलेली बोंडं पोटभर खाल्ली की पोट फुगतं आणि जनावर आडवं होतं.

पावसातली रोजची कामं

जून ते सप्टेंबर दर दहा-बारा दिवसांनी तारांखालचा हातभर पट्टा कोयत्याने साफ. मशीन बंद करून, अर्थातच. मी तणनाशक मारत नाही: तीच जागा मेंढरं चरतात आणि तिथलं पाणी व्हाळात जातं.

रोज सकाळी मेंढरं सोडण्याआधी मशीनपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात मीटर लावा आणि आकडा गोठ्यातल्या कालनिर्णयावर त्या तारखेच्या चौकटीत लिहा. आठ दिवसांत कळतं काय चाललंय. ६, ६, ५.८, ५.५ असा हळूहळू उतरत असेल तर गवत. ६ वरून एकदम २ झाला तर फांदी, तुटलेला इन्सुलेटर किंवा आपापसात लागलेल्या तारा. उन्हाळ्यात आकडा ठीक असूनही मेंढरं निघत असतील, किंवा माझ्यासारखा गवत-फांदी काही नसताना आकडा पडला असेल, तर अर्थिंग.

गळती शोधायला कुंपणाचे स्विच लावून तीन-चार भाग करा. एकेक भाग बंद करत जा. जो बंद केल्यावर आकडा वर उसळतो, दोष त्या भागात. मग रात्री पाऊस थांबल्यावर तिथे टॉर्च न लावता, अंधारात, सावकाश चाला. चट-चट आवाज येतो आणि निळी ठिणगी दिसते. कान लावायला सांगतो, हात नाही.

रात्री

झटका कुंपण भटक्या कुत्र्यांना आणि कोल्ह्यांना बरंच अडवतं. बिबट्याला अडवत नाही, तो सहज उडी मारतो. त्याला आणि अजगराला गोठ्याचं छप्पर, चारही बाजूंची बारीक जाळी आणि आतून कडी हाच अडसर. सत्तरी-सांगेच्या रानालगत असाल तर गवा येईल. त्याला अडवायला हे कुंपण बांधलेलं नाही, तो छातीनेच तारा नेतो. त्याच्या जुन्या वाटेवर कुंपण आणूच नका. रानटी जनावरांचा उपद्रव मोठा असेल तर विभागीय कृषी कार्यालयात सौर कुंपणाच्या अर्थसाहाय्याची चौकशी करून त्या उंचीचं वेगळं कुंपण बांधा.

संध्याकाळी मेंढरं मोजून गोठ्यात घेतली की मी आतल्या तुकड्यांचा स्विच बंद करतो. त्या पॉलीवायरची खालची तार २० सेंटिमीटरवर करंटची आहे, आणि रात्री तिथे राखायला कोणी नसतं. बाहेरची रेघ चालू राहते. सकाळी आधी पॉलीवायरवरून एक फेरी, एखादी घोरपड, साप किंवा गोळा होऊन पडलेलं खवले मांजर नाही ना ते बघायचं, मग स्विच, मग लांबच्या कोपऱ्यातला आकडा, मग गोठ्याची कडी.